बँकेला कुणी विचारलंच नाही

सनदी लेखापालाच्या हाताखाली आर्टिकलशिप करणाऱ्या मुलाला ऑडिटमधलं सर्वांत रटाळ काम कोणतं असं विचारलं, तर ‘बँक कन्फर्मेशन’ हे उत्तर पहिल्या दोन-तीनांत येईल. वर्षअखेरीला ज्या कंपनीचं ऑडिट चाललेलं असतं, तिच्या प्रत्येक बँकेला एक ठरावीक साच्याचं पत्र जातं: ३१ मार्चला अमुक खात्यात शिल्लक किती होती, मुदत ठेवी किती, कर्ज किती, ते कळवावं. पत्रावर सही कंपनीची लागते, कारण खातेदाराच्या परवानगीवाचून बँक काही सांगत नाही. पण ते टपालात टाकायचं ऑडिटरने, आणि उत्तर यायचं तेही थेट ऑडिटरच्या पत्त्यावर. या कामाचा सगळा जीव त्या पत्त्यात आहे. पत्र कंपनीच्या हातून गेलं आणि उत्तरही कंपनीच्याच हातून आलं, तर ऑडिटरच्या फायलीत पडतं ते कंपनीने स्वतःलाच दिलेलं प्रशस्तिपत्र.

हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसमध्ये वर्षानुवर्षं नेमकं हेच चाललं होतं. अमेरिकी शेअर बाजाराच्या नियामकाने, म्हणजे एसईसीने, २०११ साली काढलेला निष्कर्ष असा की सत्यमचं ऑडिट करणाऱ्या प्राइस वॉटरहाउसच्या भारतातल्या माणसांनी पत्रं पाठवण्याचं आणि उत्तरं आणण्याचं काम सत्यमच्याच लोकांवर सोडून दिलं होतं. ३० सप्टेंबर २००८च्या ताळेबंदात कंपनीची रोकड आणि बँक शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दिसत होती. त्यातले ५,०४० कोटी कुठल्याच बँकेत नव्हते.

ही गोष्ट जगाला कळली ती ऑडिटरकडून नाही, आपल्या शेअर बाजाराच्या नियामकाकडून, म्हणजे सेबीकडून नाही आणि संचालक मंडळाकडूनही नाही. ७ जानेवारी २००९ रोजी, बुधवारी सकाळी, कंपनीचे संस्थापक-अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी स्वतःच संचालकांना पत्र लिहून ती सांगितली आणि पत्राच्या प्रती सेबीला व शेअर बाजारांना धाडल्या.

तोवर राजू म्हणजे हैदराबादच्या डोक्यावरचा तुरा होता. भीमावरमकडच्या शेतकरी घराण्यातला हा मुलगा विजयवाड्यात शिकला, अमेरिकेत ओहायो विद्यापीठातून एमबीए करून आला, सूतगिरणी आणि बांधकामाचे धंदे करून पाहिले आणि १९८७ साली भाऊ रामा राजूसह सत्यम काढली. नव्वदच्या दशकात कंपनीचे शेअर बाजारात आले, २००१ साली न्यूयॉर्कच्या बाजारातही नोंदणी झाली. माधापूरच्या खडकाळ माळावर सायबर टॉवर्स उभे राहिले त्या काळात ‘नव्या आंध्र’चा चेहरा म्हणून दिल्लीच्या आणि परदेशी पाहुण्यांना ज्यांना भेटवलं जाई, त्यांत राजू हमखास असत. २००८ पर्यंत सत्यमकडे सुमारे ५३,००० कर्मचारी होते आणि टीसीएस, इन्फोसिस, विप्रो यांच्यानंतर तिचं नाव घेतलं जाई. नांदेड, देगलूर, लातूरकडच्या इंजिनिअर मुलांना पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ. त्यामुळे त्या भागातल्या कितीतरी घरांत ‘सत्यममध्ये लागला’ हे वाक्य सरकारी नोकरी लागल्याच्या सुरात बोललं जायचं.

राजूंचं नाव आणखी एका गोष्टीशी जोडलेलं आहे आणि ती विसरून चालणार नाही. आज अपघात झाला की आपण १०८ फिरवतो. ती रुग्णवाहिका सेवा राजू कुटुंबाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या संस्थेने ऑगस्ट २००५ मध्ये हैदराबादमध्ये सुरू केली. हाच माणूस त्याच सुमारास खोट्या बिलांवर तिमाही निकाल जाहीर करत होता. दोन्ही खरं आहे. घोटाळेबाज म्हणजे डोळ्यांतच लबाडी दिसणारा माणूस, असं समजणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

पत्रातले आकडे बारकाईने पाहण्यासारखे आहेत. नसलेली बँक शिल्लक ५,०४० कोटी. त्या नसलेल्या पैशावर ‘मिळायचं’ व्याज ३७६ कोटी, तेही अर्थात नसलेलं. ग्राहकांकडून येणं म्हणून दाखवलेली ४९० कोटींची जादा रक्कम. आणि कंपनी चालवायला बाहेरून आणलेल्या पैशाचं, पण पुस्तकांत न दाखवलेलं १,२३० कोटींचं देणं. बेरीज ७,१३६ कोटी. सप्टेंबर २००८ला संपलेल्या तिमाहीत कंपनीने २,७०० कोटींचं उत्पन्न आणि ६४९ कोटींचा कार्यचालन नफा सांगितला होता. पत्राप्रमाणे खरं उत्पन्न २,११२ कोटी आणि खरा नफा ६१ कोटी होता. म्हणजे जगाला सांगितले २४ टक्के, हातात पडले ३ टक्के.

हे सगळं एका दिवसात झालेलं नव्हतं. राजूंच्या म्हणण्याप्रमाणे सुरुवातीला खऱ्या आणि दाखवलेल्या नफ्यात किरकोळ अंतर होतं. पण एकदा अंतर पडलं की हिशेबाची दुहेरी नोंद त्याला एका जागी थांबू देत नाही. खोटं उत्पन्न दाखवायचं तर खोटं बिल हवं. बिल झालं की ग्राहकाकडे येणं उभं राहतं. ते येणं दोन-दोन वर्षं वसूल झालं नाही तर कुणीतरी विचारणार, म्हणून वसुलीही खोटी दाखवायची. वसुली झाली तर पैसा बँकेत दिसला पाहिजे, म्हणून बँकेचं खोटं विवरणपत्र. एवढा पैसा चालू खात्यात नुसता पडून का, असं विचारलं जाणार, म्हणून खोट्या मुदत ठेवी. ठेवीवर व्याज हवंच, म्हणून खोटं व्याज. आणि या सगळ्यावर कर मात्र भरावा लागतो, तो खऱ्या नोटांनी. नसलेल्या उत्पन्नावर भरलेल्या कराचा वाद कंपनी नव्या हातांत गेल्यावरही आयकर खात्याशी वर्षानुवर्षं चालत राहिला.

तपासात खोट्या बिलांची यंत्रणा सापडली ती सॉफ्टवेअर कंपनीला साजेशी होती. बिलं तयार करण्याच्या संगणक प्रणालीत ‘सुपर यूजर’ नावाचा खास प्रवेश ठेवलेला होता. त्यातून केलेल्या बिलावर ‘एस’ अशी खूण पडे. ही खूण असलेलं बिल विक्रीच्या हिशेबात मोजलं जाई, पण ज्या प्रकल्पाच्या नावावर ते फाडलं होतं, त्या प्रकल्पाचं काम पाहणाऱ्या माणसांना ते पडद्यावर दिसतच नसे. ग्राहकाकडे तर ते जायचंच नाही. अशी ७,५६१ बिलं निघाली, ५,११७ कोटी रुपयांची. मराठवाड्याला या तपासाचा एक धागा ओळखीचा वाटेल. सीबीआयच्या हैदराबाद पथकाचं नेतृत्व करणारे व्ही. व्ही. लक्ष्मीनारायण हे महाराष्ट्र केडरचे आयपीएस अधिकारी, त्याआधी नांदेडला पोलीस अधीक्षक होते.

राजूंनी पत्रात असंही लिहिलं होतं की यातला एक रुपयाही आपण किंवा भावाने घेतला नाही. हे वाक्य त्या वेळी अनेकांना भावलं, आणि आजही हैदराबादेत त्यांच्याविषयी हळवेपणाने बोलणारे भेटतात. पण सेबीने २०१४ मध्ये हिशेब मांडला तो वेगळा. फुगवलेल्या नफ्यामुळे शेअरचा भाव फुगला आणि त्या फुगलेल्या भावात राजू कुटुंबाने आपले शेअर विकले व तारण ठेवले. २००१ मध्ये प्रवर्तकांचा कंपनीतला वाटा पंचवीस टक्क्यांच्या वर होता, २००८ पर्यंत तो नऊ टक्क्यांच्या खाली आला. सेबीने राजू आणि इतर चौघांना १४ वर्षं बाजारबंदी केली आणि १,८४९ कोटी रुपये व्याजासह परत करायला सांगितलं. अपिलांच्या फेऱ्यांत हा आकडा पुढे बराच खाली आला. पण घेतलं काहीच नाही, हा दावा कबुलीजबाबातला सर्वांत कच्चा भाग आहे, हे मात्र त्यातून दिसलं. तीन टक्क्यांच्या नफ्यावर आयटी कंपनी इतकी वर्षं पगार कसे वाटत होती, हा प्रश्नही तेव्हा विचारला गेला. नफा खरा असेल आणि बाहेर गेला असेल, अशी शंका घेणारे काही वेडे नव्हते.

आता प्रश्न असा की हे रोखायला कुणी नव्हतं का? होतं की! कागदावर तर सत्यमइतका चोख बंदोबस्त क्वचितच कुठे होता. सेबीने कुमारमंगलम बिर्ला समितीच्या शिफारशींवरून २००० साली ‘क्लॉज ४९’ आणला आणि नोंदणीकृत कंपन्यांना स्वतंत्र संचालक व ऑडिट समिती सक्तीची केली. नारायण मूर्ती समितीनंतर तो आणखी कडक झाला. शिवाय न्यूयॉर्कला नोंदणी असल्यामुळे एन्रॉन कंपनीच्या घोटाळ्यानंतर अमेरिकेने केलेला सार्बेन्स-ऑक्स्ली कायदाही सत्यमला लागू होता. संचालक मंडळ तर असं की कुठल्याही दीक्षान्त समारंभाला शोभावं: हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक कृष्णा पालेपू, इंटेलच्या पेंटियम चिपशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते विनोद धाम, माजी कॅबिनेट सचिव टी. आर. प्रसाद, दिल्ली आयआयटीचे माजी संचालक व्ही. एस. राजू आणि हैदराबादच्याच इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे अधिष्ठाता एम. राममोहन राव. पालेपू शिकवत त्यांत कंपनी-कारभार हाच विषय होता. सप्टेंबर २००८ मध्ये कंपनीला उत्कृष्ट कारभाराचा ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार मिळाला. तो पुढे काढून घेण्यात आला.

इथे प्रत्येक पहारेकरी दुसऱ्या पहारेकऱ्याकडे बघून निर्धास्त होता. संचालक म्हणत, जगातल्या चार मोठ्या फर्मपैकी एकीने ऑडिट केलंय. ऑडिटर म्हणत, व्यवस्थापनाने लेखी दिलंय. शेअर विश्लेषक ऑडिट रिपोर्टवर विसंबत, गुंतवणूकदार विश्लेषकांवर, पुरस्कार देणारे त्या सगळ्यांवर. आपल्याकडे गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेत एखादे निवृत्त मास्तर उठून ‘ते सगळं राहू द्या, पासबुक दाखवा’ म्हणतात आणि सगळे वैतागतात. सत्यमच्या मंडळात दिग्गज होते, हे मास्तर नव्हते.

ऑडिटरच्या बाबतीत तर गोष्ट हलगर्जीपणावरच थांबत नाही. सेबीच्या तपासात असं आढळलं की काही बँकांनी ऑडिटरला थेट उत्तरंही पाठवली होती. त्यांतली शिल्लक आणि सत्यमच्या हातून आलेल्या उत्तरांतली शिल्लक यांत प्रचंड तफावत होती. दोन्ही कागद एकाच ऑडिटरकडे आले होते. ते शेजारी ठेवून कुणी वाचले नाहीत, किंवा वाचून गप्प बसले. आणि नियम नव्हता म्हणावं तर तसंही नाही. बाहेरच्या पक्षाकडून येणाऱ्या खात्रीपत्रांवर ऑडिटरचाच ताबा असावा, हे चार्टर्ड अकाउंटंट्स इन्स्टिट्यूटचं मानक २००३ पासून लागू होतं.

तरीही हा डोलारा ऑडिटने पाडला नाही. तो पाडला जमिनीने.

राजू कुटुंबाच्या आणखी दोन कंपन्या होत्या, मेटास इन्फ्रा आणि मेटास प्रॉपर्टीज. सत्यमची रोमन अक्षरं उलटी लिहिली की ‘मेटास’ होतं. राजूंचे दोन मुलगे त्या पाहत. २००८ मध्ये हैदराबादच्या जमिनींचे भाव आभाळाला भिडले होते, आणि त्या वर्षी जुलैमध्ये मेटास इन्फ्राच्या गटाने हैदराबाद मेट्रोचं कंत्राट ज्या रीतीने मिळवलं, ते पाहून जाणकार चक्रावले. सुमारे बारा हजार कोटींचा प्रकल्प. इतर बोलीदारांनी सरकारकडे अनुदान मागितलं. मेटासने उलट सरकारलाच कराराच्या मुदतीत ३०,३११ कोटी देऊ केले. दिल्ली मेट्रोचे ई. श्रीधरन यांनी नियोजन आयोगाला पत्र लिहून सावध केलं की या बोलीमागे डोळा रेल्वेवर नाही, आजूबाजूच्या जमिनीवर आहे. आंध्र सरकारने त्या पत्राबद्दल श्रीधरन यांचे आभार मानले नाहीत. माफी मागा, नाहीतर बदनामीचा खटला भरू, असं बजावलं. वर्षभरात मेटासला पैसा उभा करता आला नाही आणि कंत्राट रद्द झालं. फेरनिविदेत ते एल अँड टीला गेलं, आणि या वेळी अनुदान घेऊन. नागोल ते मियापूर गाडी धावायला नोव्हेंबर २०१७ उजाडला.

दरम्यान जागतिक मंदीने जमिनींचे भाव खाली आणले आणि राजूंनी शेवटचा डाव टाकला. १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमच्या संचालक मंडळाने दोन्ही मेटास कंपन्या विकत घेण्याचा ठराव केला. मेटास प्रॉपर्टीज पूर्ण, १३० कोटी डॉलरला, आणि मेटास इन्फ्राचा ५१ टक्के हिस्सा ३० कोटी डॉलरला. या व्यवहारात राजूंचे हितसंबंध असल्यामुळे सभेचं अध्यक्षपद राममोहन राव यांच्याकडे होतं. सॉफ्टवेअर कंपनीने जमीन आणि रस्तेबांधणीत का उतरावं, असे प्रश्न सभेत निघाले, पण ठराव एकमताने झाला. कार्यपद्धतीच्या पुस्तकात या सभेला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. हितसंबंध उघड केले, अध्यक्ष बदलला, चर्चा केली, इतिवृत्त लिहिलं. भागधारकांना विचारावंसं मात्र वाटलं नाही.

डाव काय होता, ते तीन आठवड्यांनी राजूंच्या पत्रातूनच कळलं. सत्यमच्या पुस्तकांत रोकड होती, पण खोटी. मेटासकडे मालमत्ता होती, आणि ती खरी. सत्यमने कागदावरची रोकड ‘देऊन’ खरी मालमत्ता घ्यायची. पैसे राजूंनी राजूंनाच द्यायचे असल्यामुळे प्रत्यक्ष देणं कितीही लांबवता येणार होतं. व्यवहार झाला असता तर पाच हजार कोटींचं भगदाड जमिनीने बुजलं असतं आणि ते कुणाला कळलंही नसतं. हुशारी म्हणून या योजनेला दाद द्यावी लागते.

गुंतवणूकदारांना भगदाडाची कल्पना नव्हती. त्यांना दिसलं ते एवढंच की आपल्या कंपनीची गंगाजळी मालक मुलांच्या कंपन्यांत ओततोय. न्यूयॉर्कमध्ये शेअर एका दिवसात निम्म्याहून खाली आला आणि काही तासांतच व्यवहार मागे घ्यावा लागला. हा एक प्रसंग असा की जिथे देखरेखीच्या साखळीतली एक कडी खरोखर काम करून गेली. ती कडी कुठल्याही समितीची नव्हती, शेअर विकून मोकळं होणाऱ्यांची होती.

मग एकेक वीट निसटत गेली. १८ डिसेंबरला कुणीतरी टोपणनावाने पालेपूंना ई-मेल पाठवून कंपनीत रोकडच नसल्याचं कळवलं. तो फिरत फिरत ऑडिट समितीकडे आणि पुढे ऑडिटरकडे गेला. २३ डिसेंबरला जागतिक बँकेने सांगितलं की आपल्या कर्मचाऱ्यांना गैर लाभ दिल्याबद्दल सत्यमला आठ वर्षं कामबंदी केली आहे. नाताळाच्या आठवड्यात आणखी एक स्वतंत्र संचालक मंगलम श्रीनिवासन, तसेच धाम, पालेपू आणि राममोहन राव यांचे राजीनामे आले. कर्जदात्यांनी तारणातले शेअर विकायला काढले, आणि राजूंच्या हातात कंपनीचा जेमतेम दोन-सव्वादोन टक्के हिस्सा राहिला.

७ जानेवारीला पत्र आलं आणि पावणेदोनशेच्या वर असलेला शेअर चाळिशीच्या खाली बंद झाला. सेन्सेक्स ७४९ अंशांनी पडला. ९ तारखेला राजू बंधूंना अटक झाली आणि चंचलगुडा तुरुंगाच्या दारात दूरचित्रवाणीच्या गाड्यांची रांग लागली.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. तिचा पुढचा भाग कमी सांगितला जातो, आणि खरं तर व्यवस्थापन शिकणाऱ्याने तोच अधिक बारकाईने वाचावा. एन्रॉन बुडाली तेव्हा हजारोंच्या नोकऱ्या आणि पेन्शन घेऊन बुडाली. सत्यम बुडाली नाही. केंद्र सरकारने कंपनी लॉ बोर्डाकडून जुनं संचालक मंडळ बरखास्त करून घेतलं आणि काही दिवसांत सहा माणसं नेमली: एचडीएफसीचे दीपक पारेख, नॅसकॉमचे माजी अध्यक्ष किरण कर्णिक, सेबीचे माजी सदस्य सी. अच्युतन, सीआयआयचे तरुण दास, एलआयसीचे एस. बी. मैनक आणि सीए इन्स्टिट्यूटचे माजी अध्यक्ष टी. एन. मनोहरन. सरकारने तिजोरी उघडली नाही, माणसं दिली.

नव्या मंडळापुढची अडचण विलक्षण होती. कंपनीत किती पैसा आहे हे कुणालाच माहीत नाही, जुन्या एकाही ताळेबंदावर विश्वास ठेवता येत नाही, आणि महिनाअखेरीला ५३,००० लोकांचा पगार. सॉफ्टवेअर कंपनीची मालमत्ता म्हणजे माणसं आणि ग्राहकांचे करार, आणि दोन्ही एका महिन्याच्या नोटिशीवर उठून जाणारे. म्हणून त्यांनी आधी ग्राहकांना फोन केले, येणी वसूल केली, पगार वेळेवर केले. दोन बँकांकडून मिळून ६०० कोटींची कर्जमंजुरी मिळवली. आणि हिशेब पूर्ण होण्याची वाट न बघता कंपनी विकायला काढली.

ज्या कंपनीचा ताळेबंदच नाही ती विकायची कशी? नेहमीच्या नियमांनी ते अशक्य होतं. खुल्या ऑफरचा भाव मागच्या सव्वीस आठवड्यांच्या सरासरीवरून ठरायचा आणि त्या सरासरीत खोट्या नफ्याचे भाव मिसळलेले. सी. बी. भावे अध्यक्ष असलेल्या सेबीने फेब्रुवारीत त्या नियमात अशा कंपन्यांपुरती वाट काढली. देखरेखीला माजी सरन्यायाधीश एस. पी. भरुचा आले. बोली फक्त एका आकड्याची, शेअरमागे किती रुपये. सर्वांत मोठ्या बोलीच्या नव्वद टक्क्यांच्या आत दुसरी कुणाची बोली असेल तरच दुसरी फेरी.

१३ एप्रिल २००९ रोजी बोली उघडल्या. पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्राने ५८ रुपये लावले होते, एल अँड टीने ४५ रुपये ९० पैसे, अमेरिकी गुंतवणूकदार विल्बर रॉस यांनी २०. अठ्ठावन्नचे नव्वद टक्के म्हणजे ५२ रुपये २० पैसे. एल अँड टी त्याच्या खाली राहिली आणि दुसरी फेरी झालीच नाही. ३१ टक्के हिश्शासाठी १,७५७ कोटी रुपये मोजून पुण्याच्या कंपनीने स्वतःपेक्षा दुपटीने जास्त माणसं असलेली हैदराबादची कंपनी घेतली. राजूंच्या पत्रानंतर शंभर दिवसही उलटले नव्हते. सुधारलेले हिशेब यायला सप्टेंबर २०१० लागला. त्यात २००८-०९ या वर्षाचा तोटा ८,१७७ कोटींच्या घरात निघाला. तरीही कंपनी चालू राहिली आणि २०१३ मध्ये ती टेक महिंद्रात विलीन झाली.

या शंभर दिवसांच्या मानाने न्यायाचं चाक फार हळू फिरलं. हैदराबादच्या विशेष न्यायालयाने ९ एप्रिल २०१५ रोजी राजू आणि इतर नऊ जणांना दोषी ठरवलं, सात वर्षांची सक्तमजुरी दिली. दोषींमध्ये प्राइस वॉटरहाउसचे दोन भागीदारही होते. महिनाभरात वरच्या न्यायालयाने शिक्षा स्थगित करून जामीन दिला. खटला चालू असताना राजूंनी तुरुंगात काढलेले तीसेक महिने हीच आजवरची खरी कैद. ऑडिट फर्मवर सेबीने जानेवारी २०१८ मध्ये दोन वर्षांची बंदी घातली. सप्टेंबर २०१९ मध्ये अपील लवादाने ती उठवली आणि तेरा कोटींची वसुली तेवढी कायम ठेवली. अमेरिकेत मात्र भागधारकांच्या सामूहिक दाव्यात सत्यमने साडेबारा कोटी डॉलर आणि प्राइस वॉटरहाउसने २ कोटी ५५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. ज्या भारतीय गुंतवणूकदाराने बीएसईवर शेअर घेतले होते, त्याला असा सामूहिक दावा लावायची सोयच तेव्हाच्या कंपनी कायद्यात नव्हती.

ती सोय नव्या कायद्याने केली, आणि २०१३च्या कंपनी कायद्यावर सत्यमची सावली पानोपानी आहे. दहा वर्षांनंतर ऑडिट फर्म बदलणं सक्तीचं झालं. स्वतंत्र संचालकांना शेअरचे पर्याय देण्यावर बंदी आली. संबंधितांशी मोठे व्यवहार करायचे तर भागधारकांची मंजुरी हवी आणि त्यात संबंधितांनी मत द्यायचं नाही. गंभीर घोटाळ्यांच्या तपास यंत्रणेला अटकेचे अधिकार मिळाले. प्रवर्तकांनी तारण ठेवलेले शेअर जाहीर करण्याचं बंधन तर सेबीने जानेवारी २००९ मध्येच घातलं होतं.

स्वतंत्र संचालकांविषयी मात्र थोडं थांबून बोललं पाहिजे. सत्यमनंतर वर्षभरात देशात शेकडो स्वतंत्र संचालकांनी राजीनामे दिले. वर्षातून मोजक्या सभा आणि चहापाणी एवढ्यासाठी तुरुंगाची जोखीम नको, असा सरळ हिशेब. तेव्हा नव्या कायद्याने त्यांना संरक्षणही दिलं: जे त्यांच्या माहितीत आणि संमतीने घडलं किंवा जिथे त्यांनी योग्य तत्परता दाखवली नाही, तेवढ्यालाच ते जबाबदार. हे न्याय्य वाटतं. पण जो विचारत नाही त्याला कळत नाही, आणि कळलं नाही म्हणून तो सुटतो, ही फट त्यात राहतेच. त्यांची नेमणूक अजूनही व्यवहारात प्रवर्तकाच्या पसंतीने होते. ज्याने खुर्ची दिली त्यालाच अडचणीत आणणारा प्रश्न विचारायचा, ही अपेक्षा कायद्याच्या कलमाने पुरी होत नसते.

आणि बँकेचं ते पत्र? जून २०२० मध्ये जर्मनीची वायरकार्ड ही देयक-सेवा कंपनी कोसळली. १९० कोटी युरो फिलिपिन्समधल्या दोन बँकांत असल्याचं दाखवलं होतं. त्या बँकांनी सांगितलं की हे कागद बनावट आहेत, ही कंपनी आमची ग्राहकच नाही. त्याआधीची काही वर्षं ऑडिटर मध्यस्थ विश्वस्ताने आणि कंपनीने पुरवलेल्या कागदांवर भागवत होते, थेट बँकेकडे चौकशी केली नव्हती. देश प्रगत, फर्म वेगळी पण तितकीच मोठी, सत्यमची गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवून झालेली.

आपल्याकडे दुसरा अंक मुंबईत झाला. २००९ मध्ये मेटास इन्फ्रा अडचणीत आल्यावर ती आयएल अँड एफएस या बड्या पायाभूत वित्तसंस्थेने ताब्यात घेतली आणि तिचं नाव आयएल अँड एफएस इंजिनिअरिंग असं झालं. २०१८ मध्ये नव्वद हजार कोटींहून अधिक कर्ज डोक्यावर असताना आयएल अँड एफएसचे हप्ते थकू लागले. काही आठवडे आधीपर्यंत तिला मानांकन संस्थांनी सर्वोच्च श्रेणी दिलेली होती, आणि तिच्याही मंडळावर नामवंतांची वाण नव्हती. सरकारने सत्यमचाच दाखला देत १ ऑक्टोबर २०१८ रोजी राष्ट्रीय कंपनी लवादाकडून ते मंडळ बरखास्त करवलं आणि उदय कोटक यांच्या अध्यक्षतेखाली नवं नेमलं. ऑडिटरांवर नजर ठेवणारं स्वतंत्र प्राधिकरण, एनएफआरए, सत्यमनंतरच्या कायद्यात २०१३ पासून लिहिलेलं होतं, पण पाच वर्षं कागदावरच पडून होतं. ते अस्तित्वात आलं तेही त्याच १ ऑक्टोबरला. वर्षभराने त्याने ऑडिटच्या दर्जाचा पहिला तपासणी अहवाल दिला, तो आयएल अँड एफएसच्याच एका वित्तकंपनीच्या ऑडिटवरचा होता.